डावी पापणी

डोळे डोक्याच्या मधोमध असतात, हे मला अडुसष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी मला वाटायचं, ते वर कपाळाजवळ कुठेतरी असतात. खोटं वाटत असेल तर पट्टी घेऊन आरशापुढे उभे राहा. मी राहिले होते आणि बिस्त्राचंच खरं निघालं.

बिस्त्रा आमची चित्रकलेची बाई. सव्वीस वर्षांची पोर, मला ‘राद्कामावशी’ म्हणते आणि माझ्या चुका खोडरबराने नाही तर भुवईने दाखवते. दर मंगळवारी आमच्या लोम गावच्या वाचनालयात तिचा वर्ग भरतो. मी कलेच्या ओढीने गेले, असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे हिवाळ्यात तो हॉल गरम असतो आणि तिथे माणसं असतात.

माझा नवरा वेल्को जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी नेव्हेना स्पेनमध्ये. दर रविवारी फोनवर दिसते आणि म्हणते, “आई, फोन नीट धर गं, नुसतं कपाळ दिसतंय तुझं.” मी आमच्या बस अड्ड्यावर तिकीट खिडकीत एकतीस वर्षं बसले. हजारो चेहरे पाहिले. आता माझा चेहरा बघणारं कोणी उरलं नाही. रडगाणं गात नाही, आहे ते सांगते.

पहिले सहा महिने माझ्या कागदावर बटाटेच उगवले. बटाट्याला कान, बटाट्याला केस. केस मी एकेक करून काढायची, तर तो खराटा व्हायचा. नाकाला दोन्ही बाजूंनी रेघा मारायची. बिस्त्रा म्हणायची, “मावशी, नाकाला रेघ नसते, सावली असते. डोळे किलकिले करा. माहीत आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा.” मी मनात म्हणायची, माहीत नसलेलं दिसायचं तरी कसं?

एप्रिलमध्ये तिने फर्मान काढलं, आता फोटोवरून पुरे, समोर माणूस बसवा. मी तिसऱ्या मजल्यावरच्या दिमानाला विचारलं. तिने हातातली पिशवी छातीशी धरली.

“माझं चित्र? मला एवढ्यात दाराला लागायचं नाही, बाई!”

तिचंही चूक नव्हतं. आमच्या इमारतीच्या दाराला माणसाचा चेहरा लागतो तो माणूस गेल्यावरच. काळी चौकट, खाली नाव, तारीख. चाळीस दिवसांनी पुन्हा, सहा महिन्यांनी पुन्हा, मग वर्षावर्षाने. वेल्कोचा दोन वर्षांचा कागद तिथे अजून होता. इमारतीपुढच्या बाकावर बसणाऱ्या सगळ्याच बायकांनी मला दिमानाचंच उत्तर दिलं. तेव्हा मी आरसा टेबलावर उभा केला आणि स्वतःलाच बसवलं. मी तरी कुठे पळणार होते?

चित्र झालं. बिस्त्राने बघितलं आणि तिची भुवई वर गेली.

“ही कोण?”

“कोण म्हणजे? मी.”

“ही कुणीतरी छान बाई आहे, पण तुम्ही नाही. उजवा डोळा हाताने झाका आणि आरशात बघा.”

मी झाकला. डाव्या डोळ्याची पापणी अर्धी खाली उतरली होती. केव्हा उतरली, देव जाणे. मी रोज तोंड धुते, रोज केस विंचरते, पण मी माहीत असलेले दोन सारखे डोळेच बघत आले होते. आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. वेल्को असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, “एक डोळा मिटून कुणाला खुणावतेस गं म्हातारे?” त्या रात्री नाही, तिथेच, वर्गात, सगळ्यांसमोर मला रडू आलं.

मग उन्हाळाभर ती पापणी काढत बसले. काढायची, खोडायची. कागदाला त्या जागी लव फुटली, तेव्हा नवा कागद घेतला. सप्टेंबरात ती एकदाची जमली. बिस्त्राने या वेळी भुवई उचलली नाही. मग म्हणाली, “आता येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल असं कुठेतरी लावा. नाव लिहू नका. कुणी आपणहून ओळखलं, तर शिकलात.”

मला शिकण्याचं प्रमाणपत्र नको होतं. माझा चेहरा कुणाला तरी ठाऊक आहे का, एवढंच हवं होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी चित्र घेऊन खाली उतरले. दारावर पाणी बंद असल्याची सूचना होती, मांजरीची पिल्लं देण्याची जाहिरात होती आणि वेल्को होता. वेल्कोच्या शेजारी जागा रिकामी होती. तिथेच चिकटवलं. आयुष्यभर ज्याच्या शेजारी झोपले, त्याच्याच शेजारी जागा शोधली, यात मला काही वावगं वाटलं नाही. चार जिने चढताना गुडघा धरला आणि शुक्रवारभर मी अंथरुणात पडून राहिले. दाराकडे कान होता. कुणी ओळखलं असेल तर येईल वर, म्हणेल, राद्का, काय गं हे, अगदी तू! कुणी आलं नाही. खाली मिरच्या भाजायचं चाललं होतं, वास चौथ्या मजल्यापर्यंत येत होता.

शनिवारी पावासाठी उतरले. माझ्या चित्राखाली, उंबऱ्यावर, लाल डेलियाची दोन फुलं दोऱ्याने बांधून ठेवलेली. मी ती उचलली तोच बाहेरून दिमाना आली. तिच्या हातातली दह्याची बरणी पडली आणि फुटली.

“अगं बाई! राद्का!” तिने भराभर क्रूसाची खूण केली. “तू… तू गेलीस ना?”

“कुठे?”

“अगं, मी काल चर्चमध्ये मेणबत्ती लावली तुझ्यासाठी! खाली, वाळूत!”

जिवंतांच्या मेणबत्त्या वर लावतात, मेलेल्यांच्या खाली वाळूत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी दाराकडे बघितलं. नवरा-बायको शेजारी शेजारी, दोघंही काळे-पांढरे. मला हसू फुटलं.

“म्हणजे ओळखलंस मला?”

“न ओळखायला काय झालं? आख्ख्या इमारतीने ओळखलं.”

एक क्षण मी हवेत होते. शिकले होते मी! मग दुसरा प्रश्न तोंडातून निघून गेला.

“मग दोन दिवसांत कुणी वर का नाही आलं?”

दिमाना दह्याकडे बघायला लागली. “आम्हाला वाटलं, नेव्हेनाने परस्पर उरकलं असेल. तशी तू दिसतेस कुठे हल्ली? तारीख नव्हती, तर म्हटलं नवी पद्धत असेल. जाऊ दे गं. उद्या वर लावते एक, जिवंतांची.”

ती काच गोळा करायला वाकली. माझं मरण इतकं सहज पटलं होतं सगळ्यांना. मी फुलांकडे बघितलं. दोन. मेलेल्या माणसाला जोडीने फुलं देतात, जिवंताला एक किंवा तीन. आणि असा लाल डेलिया आमच्या गल्लीत एकाच वाफ्यात होता, प्रोदानच्या.

तळमजल्यावरचा प्रोदान दारातच भाजलेल्या मिरच्या सोलत बसला होता. बिनलग्नाचा, घुम्या. मी बस अड्ड्यावर असताना दर शुक्रवारी खिडकीशी यायचा, “विदिन, जाऊन-येऊन,” म्हणायचा, तिकीट घ्यायचा, संपलं. वर बघून मला पाहिल्यावर त्याच्या हातातली मिरची तशीच राहिली. मग तो खाली बघून हळूहळू सोलायला लागला.

मी फुलं त्याच्यापुढे धरली. रागाने माझा आवाज चढला होता.

“माझं दार चौथ्या मजल्यावर आहे, प्रोदान. फुलं ठेवण्याआधी वाजवून बघता आलं नसतं?”

“आलो होतो वर. दोनदा.”

“मग?”

“वाजवलं असतं आणि तू उघडलं नसतंस तर?” तो म्हणाला. “न वाजवता परत आलो, म्हणजे अजून नक्की नव्हतं.”

 माझा राग कुठे गेला, कळलं नाही.

“चित्र कुणी काढलंय?” त्याने विचारलं.

“मी.”

“पापणी बरोबर आलीये.”

“कुठली?”

“डावी. वेल्कोनंतरच्या मार्चमध्ये उतरली ती.”

 तो उठला, त्याने आपली खुर्ची पुढे सरकवली आणि मी बसले. समोरच त्याचा वाफा होता. तिथे एकच कळी उरली होती, घट्ट मिटलेली.

“दोन फुलं घरात ठेवू नकोस,” तो म्हणाला. “तिसरं देतो. पण ते उमलायला चार-पाच दिवस लागतील.”

“लागू देत,” मी म्हणाले. “तोवर मरत नाही मी. पण फूल घेऊन येशील तेव्हा दार वाजव.”