यानरोंगचा आवाज बसला तेव्हा

चीनमधल्या हांगचौमध्ये ऐन ऑगस्टच्या उकाड्यात यानरोंग लोकरीचे कोट विकायची. अंगात कोट, तोंडावर दिव्यांची धग, समोर मोबाईल, त्यावरून गिऱ्हाइकांना थेट विक्री. "ताईंनो, थोडेच उरलेत, पटकन घ्या!" असं दिवसभर ओरडायचं. कोटांना इस्त्री करून तिच्या हातात द्यायचं काम माझं. राहायचोही आम्ही एकाच खोलीत. खोलीवर आली की ती बोलायचीच नाही. मीठ हवं असलं तरी बोट दाखवायची.

एकदा विकता विकता तिचा आवाज बसला तो बसलाच. घशात गाठी आल्यात, म्हणाले डॉक्टर. महिनाभर अक्षर काढायचं नाही.

मालकीण पांगबाई तशा वाईट नव्हत्या. म्हणाल्या, "पड घरी, आराम कर. तुझा चेहरा, तुझा आवाज आपण यंत्रात भरून ठेवलाय ना? तुझ्या रूपात यंत्रच विकेल."

माझ्या सुट्टीच्या दिवशी यानरोंग खाटेवर बसून घशाला बरी म्हणून खडीसाखरेत शिजवलेली नासपती खात होती, आणि माझ्या मोबाईलवर दुसरी यानरोंग कोट विकत होती. घाम नाही, घोटभर पाणी नाही. खरीने एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिची आई दूर ग्वेइचौच्या डोंगरात. लेकीला फोनवर बोलायचं त्राण नसायचं, म्हणून म्हातारी रोज मोबाईलवर हे दुकानच बघत बसायची. त्या दिवशी तिने दुकानाच्या पडद्यावर लिहिलं, "रोंग, जेवलीस का?"

पडद्यावरची हसली. "हो ताई, तुम्हाला मोठा साइज बसेल!"

"अगं, मी आई."

"करडा घ्या ताई, उजळ दिसाल!"

मला हसू फुटलं. वळून बघते तर यानरोंग उठून बसलेली. तिने आईला फोन लावला.

"चारचौघांत आईला ताई म्हणतेस?" आई कडाडली. "लाज वाटते माझी?"

यानरोंगच्या घशातून नुसती खरखर. शेवटी फोन घेऊन मीच सगळं सांगितलं.  आईने एवढंच विचारलं, "जेवली का ती?"

"पेज खाल्ली थोडी."

"पाठवून दे तिला. इथं कुणी तिला बोलायला लावणार नाही."

ती गेली. पुढे आवाज आला, पण जाडाभरडा. पांगबाईंनी परत बोलावलं, तर म्हणाली, "नको. दमले मी."

यंत्राला इस्त्रीचे कोट लागत नाहीत, म्हणून मी आता विकलेल्या कोटांची खोकी भरते. समोरच्या पडद्यावर यंत्रातली यानरोंग दिवसभर ओरडत असते. खोकी भरणारं आमच्यातलं कुणीच तिकडे बघत नाही.