पखुर्डीची आंघोळ

पखुर्डी हा पक्षी तळ्यात बसतो तो आंघोळीसाठीच, असा निर्णय एका ग्रामसभेनं हात वर करून घेतला होता. विरोधात एकच हात होता, तो जगन्नाथचा. लोकशाहीत एवढं व्हायचंच, असं म्हणून त्यानं सोडून दिलं असतं. पण बाजूनं वर झालेल्या हातांत एक हात कडूबाचा होता.

कुंभार पिंपळगावच्या पुढं, जीपवाला जिथं "उतरा आता, पुढं रस्ता न्हाई" म्हणतो, तिथून चालत गेलं की हे गाव लागतं. त्या काळी जगन्नाथ नुकताच बारावी पास झालेला होता आणि त्यामुळं गावात काही कामाचा उरला नव्हता. तो आणि कडूबा रोज शेळ्या घेऊन माळावर जायचे. कडूबाच्या फडक्यात भाकरी, जगन्नाथच्या फडक्यात ठेचा. एकानं दांडी मारली तर दुसऱ्यानं कोरडं खायचं, असा तो करार होता. दोघांनीही कधी दांडी मारली नाही.

ते साल दुष्काळाचं होतं. पाझर तलावात एक डबकं तेवढं शिल्लक होतं. ऊन चटकायला लागलं की पखुर्ड्यांचे थवे यायचे, काठावर उतरायचे, घाईघाईनं चार घोट घ्यायचे आणि बाणासारखे निघून जायचे. नर मात्र मागं राहायचे. पोट बुडेल एवढ्या पाण्यात जाऊन, सरकारी कचेरीत नंबर लागायची वाट बघावी तसे बसून राहायचे.

एकदा असाच एक भिजलेला नर माळावर, दोघांच्या पुढ्यातच उतरला. आजूबाजूच्या मुरमाड दगडांतले दोन दगड उठून पळायला लागले. ती पिलं होती. नर ताठ उभा राहिला, पिलं त्याच्या पोटाखाली घुसली आणि ओली पिसं चोचीत धरून ओढायला लागली.

"जग्या, आरं हा बाप्या असून पाजून राह्यला का काय?" कडूबा कुजबुजला होता.

"पाणी पाजतोय. पिसांतून आणलंय."

हातातली भाकरी हातातच राहिली. त्या दिवशी शेळ्यांनी कुणाचा तरी कडबा खाल्ला आणि दोघांनी घरी मार खाल्ला. पण जगन्नाथला पुढं कधीही सुखाचा दिवस आठवायचा म्हटलं की तोच आठवायचा. लग्नाचा दिवस दुसरा यायचा. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात ग्रामसभा भरली. विषय होता डबक्याला काटेरी कुंपण घालायचा, म्हणजे पाणी फक्त गावच्या जनावरांना. जगन्नाथ उठला आणि म्हणाला, एका बाजूनं काठ मोकळा ठेवा, पखुर्ड्या उघड्या काठावरच उतरतात, त्यांची पिलं माळावर तहानेली असतात. सभा एवढी हसली की पारावरची कुत्री उठून गेली.

"कुणी बघितलं?" सरपंचांनी विचारलं.

"मी. आन् कडूबानं."

सरपंच हे कडूबाचे सख्खे मामा. त्यांची मुलगी कांता कडूबाला द्यायची, असं ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. फक्त मामांचा अधूनमधून विचार बदलायचा. कडूबानं मामांकडं पाहिलं, मग खाली पाहिलं.

"आंघोळ करून राह्यलं होतं," तो म्हणाला.

सरपंचांना सगळं रीतसर लागायचं. त्यांनी आधी आंघोळ मताला टाकली, मग कुंपण. दोन्ही मंजूर झाली. त्या उन्हाळ्यात पखुर्ड्या तळ्यावर आल्या नाहीत आणि पावसाळ्यानंतर कडूबाचं लग्न झालं.

जगन्नाथ जालन्याला गेला, नोकरीला लागला, रिटायर झाला. गावी यायचा, कडूबा भेटायचा. पंगतीत "वाढू का?" आणि "बस, बस" एवढं बोलणं व्हायचं. मयतीत तेवढंही लागत नाही. अशी चव्वेचाळीस वर्षं गेली.

मग एके दिवशी जगन्नाथच्या मुलीनं, अंतरानं, त्याला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. वाळवंटातली पखुर्डी, तिचा नर, त्याची पोटावरची पिसं. स्पंजासारखं पाणी धरतात म्हणे. मैलोन्‌मैल उडूनही बरंचसं टिकतं.

"आणि बाबा, गंमत म्हणजे हे पहिल्यांदा लिहिलं ना त्या इंग्रज माणसावर कुणी विश्वास ठेवला नाही. सत्तर-एक वर्षं!"

जगन्नाथला आपल्या ग्रामसभेविषयी पहिल्यांदाच थोडा आदर वाटला. गोऱ्या विद्वानांच्या मानानं ती फार मागं नव्हती.

त्याच आठवड्यात निरोप आला की कडूबानं शेळ्या विकल्या आणि तो कायमचा चाकणला, मुलाकडं निघाला. जगन्नाथ सकाळच्या पहिल्या गाडीनं निघून, पुढं चालत गावात पोचला. आता नाही तर कधीच नाही. एकदा तरी कडूबाच्या तोंडून ऐकायचं होतं, की आपण दोघांनी ते पाहिलं होतं. आपण एकट्यानंच पाहिलं असलं तर तो आयुष्यातला चांगला दिवसही निम्माच उरत होता.

अंगणात गाठोडी बांधून ठेवलेली. कांताबाईंनी चहा दिला. जगन्नाथनं मोबाईल पुढं केला. कडूबानं तो लांब धरून पाहिला आणि परत दिला.

"मोबाईलात काय, गाढवंबी उडतात."

"ही तुमची आंघोळ का?" कांताबाई डोकावून म्हणाल्या. "भाऊजी, माझ्यापायी यांनी पाखराला आंघोळीला बसवलं. न्हाई तर आमचे आबा मला परतूरच्या त्या कंडक्टरला देऊन राह्यले होते. बरा होता दिसायला."

"मंग जायचं होतं," कडूबा म्हणाला.

"गेले असते. तिकडं फुकट फिरले असते यष्टीनं."

जगन्नाथ उठला. "कडूबा, तळ्यावर येतो का? थव्याची येळ झाली."

कडूबानं गाठोड्यांकडं पाहिलं. मग कोपऱ्यातली काठी उचलली.

तळ्यात यंदाही थोडंच पाणी होतं, कुंपण मात्र कधीच मोडून गेलं होतं. दोघं बाभळीखाली बसले. ऊन चटकायला लागलं आणि लांबून 'कुट-रो, कुट-रो' ऐकू आलं. पूर्वी थवे यायचे. आता ओंजळभर पाखरं आली. उतरली, प्याली, उडाली. एक नर मागं राहिला, पाण्यात शिरला, पोट टेकून बसला.

कडूबा डोळ्यांवर हाताची सावली धरून बघत होता.

नर बराच वेळ बसून राहिला, मग उठला आणि जड उडत माळाकडं गेला. पलीकडच्या उतारावर कुठंतरी खाली टेकला.

"काय केलं त्यानं?" जगन्नाथनं विचारलं.

"आंघोळ," कडूबा म्हणाला.

चव्वेचाळीस वर्षं झाली, मामा वारले, लग्न झालं, नातवंडं झाली. आता या माणसाला नेमकी कुणाची भीती होती? जगन्नाथ उठला आणि तरातरा माळाकडं चालू लागला. मागून काठीचा आवाज येत होता, म्हणजे कडूबा येत होता. दोघांनाही धाप लागली होती. उतार आला. नर उडून गेलेला. सगळीकडं नुसते दगड, वाळकं गवत आणि ऊन. जगन्नाथनं पुढं पाय टाकला.

"आरं थांब!" कडूबा ओरडला. त्याची काठी जगन्नाथच्या छातीवर आडवी आली. "बघून टाक ना पाय! पिलं असत्याल खाली."

जगन्नाथ एका पायावर थबकला. मग दुसरा पाय हळूच, जिथून उचलला होता तिथंच ठेवला. त्यानं कडूबाकडं पाहिलं. कडूबा त्याच्याकडं बघत नव्हता. तो खाली वाकून दगड न् दगड तपासत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"दिसतात का?" जगन्नाथनं विचारलं.

"ती दिसत असती का कधी? दबून बसल्याली असणार. हलू नको बिलकुल."

"मागं फिरू का?"

"मागं तरी काय ठावं? आपण बघून आलो व्हय?"

हे बरोबर होतं. येताना दोघं आपापल्या रागात आले होते, पायाखाली कुणी पाहिलं नव्हतं.

"मंग करायचं काय?"

"बाप पाणी घेऊन परत येईस्तोवर हुभं राह्यचं. तो कुठं उतरतो ते बघायचं न् मंग निघायचं."

"आन् तुझं चाकण?"

"चाकण कुठं पळून राह्यलं?"

दोघं उघड्या माळावर हाताच्या अंतरावर उभे राहिले. ऊन डोक्यावर चढत होतं. जगन्नाथला एकदा वाटलं की विचारावं, म्हणजे मान्य आहे ना? मग वाटलं, राहू दे. उगाच मतदान नको.

थोड्या वेळानं कडूबानं घसा खाकरला. जमिनीवरची नजर न काढता तो म्हणाला, "मंग जग्या, जालन्याला गेल्यावर कसं काय झालं तुझं?"

उत्तर लांबलचक होतं, आणि दोघांनाही हलता येत नव्हतं. जगन्नाथनं पहिल्या भाड्याच्या खोलीपासून सांगायला घेतलं.