जशी मोडली तशी

विमा कंपनीची सर्व्हेअर यायची होती त्या सकाळी हेझल ट्रँटर चहाचे मग घेऊन गॅरेजमध्ये गेली, आणि तिथे गाडी नव्हती.

म्हणजे गाडीचं सगळं होतं. जमिनीवर जुन्या चादरी अंथरलेल्या होत्या आणि त्यांवर चाक धरणारे वाकलेले आर्म, फाटलेला मडगार्ड, चेपलेला रेडिएटर, डोळा फुटलेला दिवा असं सगळं ओळीनं मांडलेलं होतं. नट-बोल्ट जॅमच्या बरण्यांत. मधोमध स्टँडवर नळ्यांची नुसती चासी, आणि तिच्याशेजारी स्टुलावर तिचा नवरा विल्फ, चिंधीला हात पुसत.

“विल्फ, गाडी कुठंय?”

“ही काय.”

“उघडलीस?”

“थोडीशी.”

“फोनवरच्या बाईनं काय सांगितलं होतं? सर्व्हेअर बघेपर्यंत हात लावायचा नाही. मी तुला बजावून बहिणीकडे गेले होते.”

“दुरुस्त करायचं नाही म्हणालीस. दुरुस्त कुठं केलंय? नुसतं सोडवलंय.”

हेझलने मग बाकावर ठेवले. तिचा आवाज चढला नाही. अपघातात पट्ट्याने आवळलेलं गळ्याखालचं हाड अजून दुखत होतं, मोठा श्वास घेववत नव्हता.

विल्फ बस डेपोत मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यावर त्याने घरी जोडायच्या गाडीचं किट मागवलं. सांगाडा, पत्रे, खोक्यांत भरलेले भाग. इंजिन भंगारात निघालेल्या एका जुन्या फोर्डचं. इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या थंडीत, या विटांच्या गॅरेजमध्ये, त्याने त्यातून दोन माणसांची उघडी गाडी उभी केली, मोहरीच्या फुलासारखी पिवळी. ती होत होती तसतशी त्याची नजर जात होती. आधी अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे. समोर बघितलं की मधे राखाडी डाग आणि कडेने थोडंसं जग. शेवटचं वायरिंग त्याने बोटांनी केलं. गाडी सरकारी तपासणीत पास झाली त्याच वसंतात त्याने आपलं लायसन्स परत पाठवून दिलं.

मग हेझल चालवायला शिकली. म्हणजे ही गाडी चालवायला. जन्मभर तिने हलक्या स्टिअरिंगची छोटी गाडी चालवलेली. दर रविवारी ती त्याला शेजारी बसवून डोंगरावर न्यायची. तो मान तिरकी करून इंजिन ऐकायचा आणि ओरडायचा, “तिसरा टाक! अगं, मागतेय ती!” तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असायचं त्यासाठी हेझलने पावसातही टप नसलेली गाडी चालवली होती.

अशा गाडीला बाजारभाव नसतो. म्हणून विमा ठरलेल्या किमतीचा होता: फोटो पाठवायचे, अशा गाड्यांच्या क्लबच्या माणसाने गाडी बघून किंमत सांगायची, कंपनीने मान्य करायची. टोटल लॉस झाला, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेली, की तेवढे पैसे मिळणार. ते आले तर दुसरं किट येणार होतं. नाही आले तर विल्फचे रविवार संपले होते. अट एकच, मोडलेली गाडी कंपनीच्या माणसाला दिसली पाहिजे.

“ग्लिनचे फोटो आहेत,” विल्फ म्हणाला.

शेजारचा ग्लिन मेरिक त्याच वेळी दारातून आत येत होता. अपघातानंतर ट्रेलर घेऊन गाडी आणायला तोच गेला होता.

“आहेत की. दोन आहेत,” तो म्हणाला. “एकात माझा अंगठा आलाय, एकात हेझल.”

“आणि गाडी?” विल्फने विचारलं.

“हेझलच्या मागे असणार ना.” त्याने चादरींकडे बघितलं. “आयला, विल्फ. परत खोक्यांत भरून दुकानात पाठवायचा बेत आहे का?”

सर्व्हेअर टॅम्सिन याप वेळेवर आली. तिशी-पस्तिशीची, पायात जाड बूट, हातात टॅब आणि टॉर्च. दारातच थांबून तिने चादरी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिल्या.

“हे कुणी केलं?”

“मी,” विल्फ म्हणाला. “दोष हिचा नाही. पॉलिसी हिच्या नावावर आहे, पण हात माझे आहेत.”

“का पण, मिस्टर ट्रँटर? सांगितलं होतं ना?”

विल्फने चिंधीची घडी घातली. “गावात जो तो मला सांगत होता, पुढचं काही उरलं नाही म्हणून. मला दिसत नाही हो. तुम्ही एकदा बघितलं की तुम्हाला कळतं. मला सोडवून हातात घ्यावं लागतं. ही त्यात एकटी बसली होती. ती कशी वाचली, ते मला माहीत नको?”

 टॅम्सिनने अडचण सरळ सांगितली. ठरलेली किंमत ही गाडीची असते, भागांच्या ढिगाची नसते. हा आर्म शेताच्या फाटकाच्या खांबावर आदळून वाकला की बाकावरच्या शिकंज्यात धरून, हे ढिगाकडे बघून तिला सांगता येणार नाही. दुसऱ्या गाडीचे मोडके भाग आणून ठेवणारेही तिला भेटले होते. “‘सुट्या अवस्थेत आढळली’ असं मला लिहावं लागेल. पुढे कंपनी काय करते ते तुम्हाला माहीत आहे.”

हेझलला माहीत होतं, दावा फेटाळते. तिने विल्फकडे बघितलं. तो उठून चासीपाशी गेला होता आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यावर हात ठेवून उभा होता.

“जोडून दाखवतो,” तो म्हणाला.

“मोडलेली गाडी?”

“जशी मोडली तशी.”

“वाकलेले भाग बसत नाहीत, मिस्टर ट्रँटर.”

“ज्याच्याबरोबर वाकले त्याच्याशी बसतात. दुसरीकडे नाही बसणार.”

टॅम्सिनने घड्याळ पाहिलं, मग पुढच्या कामासाठी लेमिन्स्टरला थांबलेल्या कुणाला तरी फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं. “फक्त हा कोपरा. मी शूटिंग घेणार. आणि हातोडा कुणी उचलायचा नाही.”

“ऐकलंस, ग्लिन?” विल्फ म्हणाला. “तुझं शिक्षण वाया गेलं.”

ग्लिनने जॅक धरला, हेझल भाग द्यायला उभी राहिली. विल्फ मागायचा आणि ती द्यायची. गाडी बांधतानाही असंच चालायचं. तो भाग घेतला की लगेच लावत नव्हता. अंगठ्याने कड चाचपायचा, वाक कुठे सुरू होतो ते शोधायचा, मग चासीवरच्या ब्रॅकेटचा वाक चाचपायचा, आणि मगच दोन्ही एकमेकांना भेटवायचा. खालचा आर्म लागला. वरचा लागेना. भोकासमोर भोक येत नव्हतं, नखभर राहत होतं.

“जरा ठोकलं की जाईल,” ग्लिन म्हणाला.

“ठोकलंस की नवा ओरखडा उठेल, आणि ही बाई आपल्या दोघांना घरी बसवेल.”

“आपण घरीच बसलोय. पेन्शनीत.”

टॅम्सिन हसली, पण टॅब हलू दिला नाही.

 विल्फने लावलेला खालचा आर्म परत काढला.  हेझलला वाटलं, हार मानली त्याने. पण तो म्हणत होता, “हेझल, खांबाला आधी काय लागलं? चाक की मडगार्ड?”

तिला ते आठवायचं नव्हतं. वळणावर समोरून तिच्या बाजूला आलेली व्हॅन, डावीकडे मारलेलं स्टिअरिंग, शेताच्या फाटकाचा दगडी खांब. व्हॅन थांबलीसुद्धा नव्हती.

“मडगार्ड. दिवा. मग चाक... चाक वरून आत आलं.”

“वरून. बरोबर. आधी वरचा वाकला, त्यानं खालच्याला ओढलं. मी उलटं लावत होतो.”

वरचा आर्म आधी धरला, खालचा त्याच्या मागून. बोल्ट बोटांनी आत गेला. विल्फने पाना घेतलाच नाही. फक्त हात बाजूला करून टॅम्सिनला दाखवलं. मग चाकाची वाकडी रिम, दिवा, पत्रा, आणि शेवटी फाटलेला मडगार्ड. त्याची फाटकी कड पत्र्यावर राहिलेल्या तुकड्याला दाताला दात लागावेत तशी लागली.

कोपरा उभा राहिला. चेपलेला, तिरका, बघवत नाही असा, आणि एकसंध.

टॅम्सिनने टॅब ग्लिनच्या हातात दिला. “अंगठा लांब ठेवा,” ती म्हणाली, आणि जमिनीवर आडवी झाली. टॉर्च पत्र्याला घासून धरल्यावर चादरींवर कुणालाच न दिसलेली गोष्ट दिसली. मडगार्डवर, दिव्याच्या दांड्यावर, पत्र्यावर आणि रिमवर दगडाचे ओरखडे होते. सुटे असताना ते नुसते ओरखडे होते. आता ती एकच रेघ झाली होती, न तुटता पुढून मागे गेलेली. टॅम्सिनने पट्टी लावून तिची जमिनीपासून उंची मोजली.

“खांब मी येताना मोजून आलेय,” ती उठत म्हणाली. “पिवळा रंगही आहे त्याच्यावर, याच उंचीला.” मग ती परत वाकली. “ही नळी मात्र किटमध्ये नसते. ही आडवी. दोन्ही बाजूंना आहे.”

विल्फ ताठ झाला. ग्लिनने जॅकवरचा हात काढला. कंपनीला न कळवलेला बदल म्हणजे काय, हे तिघांनाही कळत होतं.

“ती मी घातली,” विल्फ म्हणाला. “पायापाशी ते फार उघडं वाटत होतं.”

“कळवलेली आहे,” हेझल म्हणाली. “बघा तुम्ही. विमा घेतला तेव्हाच सांगितली. फोनवरचा मुलगा म्हणाला, एवढं सांगायची गरज नाही. मी म्हटलं, बाळा, तू लिही.”

टॅम्सिनने टॅब परत घेऊन शोधलं. “आहे. ‘पायापाशी वाढीव नळी, दोन्ही बाजूंना.’” तिने वाकलेल्या नळीवर बोट फिरवलं, विल्फने फिरवलं होतं तसंच, वेल्डिंगपर्यंत. वेल्डिंग तुटलं नव्हतं. नळी वाकली होती, पण आतली पाय ठेवायची जागा तशीच होती. “हिने मार खाल्ला,” ती हळू आवाजात म्हणाली.

“तेच मला बघायचं होतं,” विल्फ म्हणाला.

“आता एक विचारते. खरं सांगा. तुम्ही ही चासी सरळ केली असतीत?”

इथे ‘हो’ म्हटलं तर गाडी राहत होती आणि दावा लहान होत होता. हेझलला त्याच्या तोंडावर दिसलं की त्याला हो म्हणायचंय. या नळ्यांवर त्याची शेवटची धड नजर खर्च झाली होती.

“सरळ करता येईल,” तो म्हणाला. “पण एकदा मार खाल्लेली नळी दुसऱ्यांदा खाईलच असं नाही. मी हिला त्यात बसू देणार नाही. कापून टाका.”

टॅम्सिनने ‘टोटल लॉस’ लिहिलं. ठरलेली पूर्ण किंमत द्यावी अशी शिफारस करते म्हणाली. इंजिन आणि मागचे भाग ठेवायचे असतील तर त्यांचे पैसे वजा होतील. चासी मात्र कापावी लागेल, आणि नव्या चासीला पुन्हा तपासणी. निघताना तिने विल्फचा हात हातात घेतला तेव्हा दोघांचेही हात सारखेच काळे होते. हेझलने सकाळी आणलेला चहा बाकावर निवून गेला होता.

“एवढ्या वर्षांत,” ती हेझलला फाटकापाशी म्हणाली, “मोडलेली गाडी इतकी नीट जोडलेली मी पाहिली नाही.”

हेझल परत आली तर विल्फच्या हातात पाना.

“ठेव तो खाली. कंपनीचं पत्र येईपर्यंत बोट लावायचं नाही. एकसुद्धा.”

“बरं.”

“हात मांडीखाली घे.”

त्याने घेतले.

पत्र यायला वेळ लागला. तोवर मोडकी गाडी गॅरेजमध्ये जशीच्या तशी उभी होती आणि विल्फ रोज तिच्यापाशी जाऊन स्टुलावर बसत होता, हात मांडीखाली घेऊन. ग्लिन त्याला येता-जाता विचारायचा, “काय रे, देवळात बसलायस का?” पत्र आलं त्या दिवशी हेझलने ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं, ठरलेल्या पूर्ण किमतीचा आकडा पुन्हा वाचला, आणि अंगण ओलांडून गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

“आता उघड तिला,” ती म्हणाली.