तरंगबाबाचा बंद डबा

डबा बोलला, तेव्हा सावली गावच्या तलावाच्या पाळीवर जमलेली दोन-अडीचशे माणसं एकदम गप्प झाली. स्पीकरचा नवाकोरा डबा, वरचं प्लास्टिकही फाडलेलं नाही, आणि आतून अमरचा आवाज: "आई, जेवली काय?"

अमर दोन महिन्यांपूर्वी पोर्ट ब्लेअरला बांधकामावरून पडून मेला होता. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तेव्हापासून त्याच्या आईची, प्रेमिलाची, झोप उडाली होती.

"करणीनं मेला पोरगा!" तरंगबाबा गरजला. "आत्मा म्हणजे तरंग, तरंग म्हणजे नेटवर्क! पोरगा रेंजमध्ये आला, माय. डबा न उघडता तिथल्या समुद्रात सोड, मोकळा होईल. उघडला, का भटकला!"

त्याच्या बदल्यात प्रेमिलानं घरामागची जागा मठाला कबूल केली.

तिची भाची सरिता शाळेत विज्ञान शिकवायची. आवाज खोटा नव्हता, हेच तिला छळत होतं. वर्गात फळ्याकडे वळली तरी तो पाठीमागून यायचा. पण सभेत रोज तेच तीन शब्द, आणि शब्दांनंतर तोच बारीक खोकला.

"मावशी, एकदा उघडून पाहू."

"त्याले अजून एकदा मारतं का वो तू?"

सरिता विमानाची तिकिटं काढायला बसली. काढता काढता म्हणाली, "नवी वस्तू हातातल्या बॅगेत नेता येते. तपासणीवाले म्हणतील तर उघडून, चालू करून दाखवा लागते."

"बाबाचा मंत्र आहे, मॅडम. मशीनले दिसतच नाई," बाबाचा चेला पत्रू हसला. राखण करायला तोही सोबत येणार होता. विमानतळ त्यानं जन्मात पाहिला नव्हता.

नागपूरला मशीनला सगळं दिसलं.

"डबा उघडा," सुरक्षारक्षक बाई म्हणाली.

प्रेमिलानं डबा छातीशी धरला. "माहा पोरगा आहे त्यात."

रांग थिजली. बाई आवाज खाली आणून म्हणाली, "आई, नियम आहे. तुम्हीच उघडा, मी हात लावत नाही."

प्रेमिलानं डोळे मिटून प्लास्टिक फाडलं. आत्मा निघाला नाही. स्पीकर निघाला. सरितानं आधी चालू करायचं, मग वाजवायचं बटण दाबलं.

"आई, जेवली काय?"

आणि त्याच क्षणी पत्रूच्या ट्रेमधल्या दोन फोनांपैकी एक उजळला. कोपरा फुटलेला, मागे निळी पट्टी चिकटवलेला.

"हा तं अमरचा फोन!" प्रेमिला ओरडली. "बाबाले देल्ला होता, त्यानं वैनगंगेत सोडला म्हणे!"

पत्रूनं हात पुढे केला, पण सरितानं फोन आधीच उचलला. फोनला कुलूप नव्हतं. अमरला साइटवर रेंज नसायची, म्हणून आईशी बोलायचं ते तो फोनातच बोलून ठेवायचा. गावी आल्यावर ऐकवणार होता. पत्रूनं कबूल केलं: गर्दीत उभा राहून तो खिशातूनच ब्लूटूथनं तो आवाज डब्यातल्या स्पीकरवर सोडायचा. आज स्पीकरच्या बटणानं जवळचा तोच फोन वाजवला. रोज सभेआधी स्पीकर चालू करायचा, डब्यावर नवं प्लास्टिक चढवायचं, केस सुकवायच्या यंत्रानं ते ताणून बसवायचं. बस, एवढाच तरंग.

"मंत्राले चार्जिंग लागते का रे, पत्रू?" सरिता म्हणाली.

फोनात आणखी अकरा निरोप होते. प्रेमिलानं शेवटचा लावायला सांगितला.

"आई, मले भेव लागते. तिसऱ्या मजल्यावर जाळी नाई लावली. दोनदा सांगतलं. मुकादम हासते."

प्रेमिलानं फोन दोन्ही हातांत घेतला.

"हे काऊन नाई आयकवलं रे तुम्ही?" प्रेमिलानं विचारलं.

सरिताच म्हणाली, "जाळी नव्हती म्हटलं, का करणी कुठी राह्यते, मावशी?"

मेलेल्याचा आवाज कुणी ऐकवला, तर तो कशात साठवून ठेवला आहे ते विचारावं. बंद डबा उघडायला सांगावं. आणि माणूस कशानं मेला, हे कावळ्याला विचारू नये. जिथं मेला तिथं जाऊन विचारावं.

पत्रूला पोलीस घेऊन गेले. स्पीकर ट्रेमध्येच राहिला. प्रेमिलानं फोन पदरात बांधला.

"घरी जायचं का, मावशी?"

"नाई. विमान कुठून सुटते ते पाय. मले त्या मुकादमाले भेटाचं आहे."