तिसऱ्या गाण्यात अडणारी रेकॉर्ड

मित्रांनो, भिंतीवर टांगलेलं हे एक काळं घड्याळ आहे, असंच तुम्हाला वाटेल. वाटू द्या. मुळात मी गाण्यांची एक जुनी रेकॉर्ड आहे.

कारखान्यातल्या तापल्या साच्यात दाबून माझा जन्म झाला. त्या काळच्या पोरापोरींना वेड लावणारी गाणी माझ्या अंगावर होती. एका नवऱ्याने लग्नानंतर मला हौसेने बायकोसाठी आणलं. दोघं नाचत असताना त्याचं कोपर रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राला लागलं आणि सुईने माझ्या तिसऱ्या गाण्यावर ओरखडा काढला.

तेव्हापासून मी 'थांब ना जराशी' या ओळीच्या तोंडाशी अडायचे. टक, टक, टक. बायको रागावली नाही. ती ओळ ती स्वतः गायची आणि मग बोटाने सुई अलगद पुढे सरकवायची. ती गेल्यावर हे काम नवऱ्याने अंगावर घेतलं. तोवर तो आजोबा झाला होता. गात बेसूर, पण न चुकता. पुढे ते माणसं विसरले, जेवलो की नाही ते विसरले. ती ओळ मात्र विसरले नाहीत.

त्यांचा मुलगा वाईट नाही, हेच तर दुखणं आहे. वडिलांच्या वाढदिवसाला त्याने मला पिशवीत घालून जुन्या रेकॉर्डच्या दुकानात नेलं.

दुकानदाराने मला दिव्याखाली तिरकं धरलं. "ओरखडा खोल आहे. वाजवायच्या कामाची नाही राहिली."

"म्हणून तर आलोय. हीच द्या, पण चकाचक. बाबांना एकदा तरी गाणं सलग ऐकू दे."

त्याला माझी जुळी बहीण मिळाली, अंगावर एक रेघ नसलेली. बदल्यात मी तिथेच राहिले. निकामी रेकॉर्डची घड्याळं करून विकणं हा दुकानदाराचा जोडधंदा. त्याने माझं भोक मोठं केलं, मागे यंत्र बसवलं, पुढे काटे लावले आणि मला दारासमोर टांगलं.

काही दिवसांनी मुलगा आजोबांना घेऊन आला. पार वैतागला होता. "तुम्हीच विचारा यांना काय हवंय. नवी लावली की रडत बसतात."

आजोबा म्हणाले, "ही अडतच नाही हो. सगळं ती गाणारीच गाऊन टाकते. मग मी काय करू?"

दुकानदाराला हसू आवरेना. तेवढ्यात आजोबांची नजर माझ्यावर गेली. माझ्या मधल्या कागदावर त्यांच्या बायकोने लावलेला नेलपॉलिशचा ठिपका अजून होता.

"अरे, ही बघ आपली! लाव की!"

"बाबा, तिचं घड्याळ झालंय आता."

आजोबा दारातून हलेनात. शेवटी मुलाने घरचीच वस्तू पैसे मोजून घरी नेली.

आता मी आजोबांच्या खोलीत दिवसभर टक, टक करते. मी अडलेय, असं त्यांना वाटतं. सुरुवातीला ते ओळ गायचे, उठायचे आणि बोटाने माझा सेकंदकाटा पुढे ढकलायचे. गाणं काही पुढे जायचं नाही. एकदा काटा मोडला. सून ओरडली. मुलाने नवा काटा बसवला आणि हात पोहोचणार नाही इतकं मला उंच टांगलं.

मित्रांनो, कुणाची जुनी वस्तू धड करायला निघालात, तर आधी त्या माणसाला विचारा. मला आता वाजता येत नाही आणि गप्पही बसता येत नाही. खाली आजोबा बोट वर करून उभे असतात.

"अगं, माझा हात पुरत नाही," ते बायकोला सांगतात. "तू सरकव ना."