भेडाघाटची पांढरी भुकटी

“सूनबाई, ती भेडाघाटची भुकटी नको टाकू कोंबड्यांपाशी. पाणी पित नाही ते,” शेजारच्या सत्यवतीकाकू भिंतीवरून म्हणाल्या होत्या.

हेमलता हसली होती. मूर्ती घडवतात तिथून तिच्या नवऱ्यानं, श्रीरंगनं, संगमरवराच्या भुकटीची पोती आणली होती. ती पसरल्यावर मागच्या अंगणातला कोंबड्यांचा कोपरा धुतल्या धोतरासारखा पांढरा दिसत होता. लेक जया नुकती रांगायला लागलेली, सापडेल ते तोंडात घालायची. घाणीचा एकेक ठिपका हेमलताला लांबून दिसायला हवा होता.

“काकू, बीएस्सी आहे मी. कॅल्शियम आहे ते. अंडी टणक होतात.”

“अच्छा. मग तुझं कॅल्शियम पाणी कुठं ठेवते ते पाहू. भुसा टाक, सुकी पानं टाक. कोंबडी उकरते, जमीन मोकळी राहते. काहून ऐकत नाही तू?”

काकू एकट्याच राहायच्या. रोज सकाळी कोंबड्यांसाठी भाजीची सालं घेऊन मागच्या दारानं यायच्या, आणि हेमलताचा स्वयंपाक होईपर्यंत जयाला मांडीवर घेऊन बसायच्या.

श्रावणात झड लागली आणि भुकटी घोटून गिलावा केल्यासारखी घट्ट बसली. कोंबड्यांची नखं नुसती घसरायची. वर पाणी साचलं, पाण्यात विष्ठा. कोंबड्या लंगडू लागल्या, तळपाय सुजले, एक तर मरूनच पडली. त्यातच जयाला जुलाब सुरू झाले. हेमलतानं कुदळ घेतली आणि उताराच्या अंगानं चर खणला. उतार काकूंच्या मागच्या दाराकडे होता. भिंतीच्या बुडाची वीट काढताच सगळं पाणी तिकडे गेलं.

“अगं, काकूंच्या दारात काय करून राहिली तू?” श्रीरंगनं विचारलं.

“झड थांबली की वळवते. आधी माझी पोर.”

काकूंनी पाणी पाहिलं. “चलो, नर्मदामाई घरी आली,” म्हणाल्या, आणि पायरीपुढे एक फळी टाकून घेतली. हेमलता ओशाळली. पण जयाचे जुलाब थांबले होते. चर तसाच राहिला.

झड थांबली तरी तसाच राहिला. फळीवर पांढरा गाळ बसत गेला, गाळावर शेवाळ धरलं. एका सकाळी भिंतीपलीकडे टोपली आपटल्याचा आवाज आला, मग कण्हणं. हेमलता जयाला कडेवर घेऊन धावली. काकू फळीवरून घसरून खाली पडल्या होत्या, एक पाय भलतीकडेच वळलेला, लुगड्याला ती घाण.

“पोरीला घेऊन नको येऊ,” त्या म्हणाल्या. “घसरशील.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. काकूंचा तिलवाऱ्याला राहणारा पुतण्या, चंद्रशेखर, त्यांना आपल्या घरी न्यायला आला. भिंतीचं भगदाड त्यानं वाकून पाहिलं. “भाभी, भेटायला यायची जरूर नाही,” एवढंच बोलला.

आता चर रस्त्याच्या नालीकडे वळवला आहे. भुकटी खरवडून काढली, भुसा आणि पानं टाकली. उरलेल्या कोंबड्या दिवसभर उकरतात. जया भिंतीला धरून उभी राहते आणि “काकू, काकू” करते. श्रीरंग तिलवाऱ्याला जाऊन आला, पण झोपल्या आहेत म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं. पुढच्या खेपेलाही त्या झोपलेल्याच होत्या.

आपल्या गोरखपूर मोहल्ल्यातून तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला हेमलता थांबवते. तुम्ही निघालात तर तुम्हालाही तेच सांगेल: पुलाच्या अलीकडे पिठाच्या गिरणीला लागून घर आहे, सत्यवतीकाकू म्हणून विचारा. झोपल्या आहेत म्हणाले, तर उठेपर्यंत बसा. पण आत जाऊन बघा.