नऊ खांबांचा धवला आणि मी

मित्रांनो, मी गाणी वाजवणारा एक लहानसा, जुना प्लेअर आहे. आगपेटीपेक्षा थोडा मोठा. पाठीला चिमटा, अंगावर पाच उठावदार बटणं आणि नखाएवढा पडदा. कर्जत स्टेशनजवळच्या एका दुकानात मी दोन वर्षं काचेआड पडून होतो. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल, मग मला कोण विचारणार?

मला हर्षलाने विचारलं. ती भिसेगावची, खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरी करणारी. तिने मला घेतलं ते आपल्या गोदूआत्यासाठी. गोदूबाई धवलारीण होत्या. लग्नात प्रत्येक विधीच्या वेळी म्हणायचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. गोदूबाईंची नजर अधू झाली होती. मोबाईलची गुळगुळीत काच त्यांना उमगत नसे. माझी बटणं मात्र त्यांनी एका दुपारी चाचपून पाठ केली.

"ह्यो बरा हाय गं," त्या म्हणाल्या. "मधीच कोनाचा फोन येत नाय, नि जायरात बी नाय."

एकदा चार्ज केलं की मी वीस तास चालायचो. आवाज बारीक, पण स्वच्छ. त्यांच्या पदराला लटकून मी सगळीकडे फिरलो. एकदा तर लुगड्यासकट धुण्याच्या बादलीत जाणार होतो, थोडक्यात वाचलो.

आवाज टिपून ठेवण्याची सोयही माझ्यात होती. हर्षलाला धवले शिकायचे होते, पण गोदूबाईंचा एक नेम होता. मांडव नसेल तिथे धवला ओठांवर आणायचा नाही.

"मांडवाबिगर धवला? कोनाचं लगीन लावू, कोंबड्यांचं?" असं म्हणून त्या हसत.

म्हणून हर्षलाने आपल्या भावाच्या, साईनाथच्या लग्नात मला आत्याच्या पदराला लावलं. दोन दिवसांत अकरा धवले माझ्या पोटात जमा झाले. शेवटचा नऊ खांबांचा. मांडवाच्या एकेका खांबाशी एकेका मानकऱ्याला बसवणारा, लांबलचक. नवरी मांडवात येण्याआधी तो पुरा व्हावाच लागतो.

पावसाळा सरता सरता गोदूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं आणि बोलणंही. पाणी मागायला जावं तर तोंडातून नुसतं "ब... ब..." येई. आता त्यांचे धवले फक्त माझ्यात उरले होते. मला या गोष्टीची धास्ती वाटे. हर्षला कारखान्याच्या बसमध्ये मला कानाला लावून शिके. "ह्याची कॉपी काढून ठेवली पायजे," असं ती दर रविवारी म्हणे. रविवार येई आणि जाई.

एप्रिलमध्ये लोधिवलीला तिच्या चुलत बहिणीचं, जयाचं लग्न निघालं. जयाची आई आनंदीबाई म्हणाली, "हर्षे, धवले तूच म्हनायचं. आत्याचा मान हाय तो, बाहेरची बाय नको."

हर्षलाचे दहा पाठ झाले होते. अकराव्याचे चारच खांब. उरलेले पाच लग्नाच्या सकाळी घोटून घेऊ, असं तिने ठरवलं. पण त्या सकाळी मला मांडवातल्या एका खुर्चीवर ठेवून ती आधी आत्याला आणायला गेली.

तेवढ्यात जयाचा भाऊ नीलेश आला. लग्नाची गाणी तो मोबाईलवरून लावत होता आणि दर दोन मिनिटांनी फोन येऊन गाणं तुटत होतं. त्याने मला पाहिलं, लॅपटॉपला जोडलं.

"जागा नाय रं ह्याच्यात," तो पुटपुटला. माझ्यातल्या आवाजांना नावं नव्हती, नुसते आकडे. त्याने पहिला लावला. भांड्यांचा आवाज, बायकांचा गलका. गोदूबाईंचा सूर लागायला अजून दहा सेकंद होते. थांब, नीलेश! पण मला वाजता येतं, ओरडता येत नाही.

"चुकून दाबलं गेलंय कोनाकडून," असं म्हणून त्याने अकराच्या अकरा पुसले आणि वर दीडशे गाणी भरली.

अर्ध्या तासाने हर्षलाने मला कानाला लावलं. आत बँड वाजत होता.

"नील्या, ह्याच्यातलं काय केलंस?"

"कचरा होता ताय, काढला."

"आत्या होती रं त्याच्यात!"

नीलेशचं तोंड उतरलं. रडायलाही वेळ नव्हता. नवरी दारात उभी होती. गोदूबाईंना मांडवात खुर्चीवर बसवलं होतं. हर्षला मला मुठीत घट्ट धरून उभी राहिली आणि म्हणू लागली. गावदेवी बसली, आजा बसला, आजी बसली, मामा बसला. पाचव्या खांबापाशी शब्द संपले.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "लाव रं मोबाईलवर कायतरी," मागून कोणी तरी म्हणालं.

आणि खुर्चीतून एक चिरका, कापरा सूर उठला.

"पाचव्या खांबाशी बसवा गं सुईन, जिनं नवरीला धरलं पयलं..."

गोदूबाई गात होत्या! हर्षलाच्या अंगठ्याने माझं बटण शोधलं. लाल दिवा लागला आणि उरल्यासुरल्या जागेत मी टिपू लागलो. सहाव्या खांबाला आत्याला धाप लागली. सातव्याला सूर तुटला. हर्षलाने तीच ओळ पुन्हा म्हणून त्यांना दम घेऊ दिला. आठवा. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी एकेक सेकंद मोजत होतो. शेवटी नवव्या खांबाचा मानकरीही बसला आणि जया मांडवात आली.

डॉक्टर पुढे म्हणाले, असं होतं. बोलणं गेलेल्या माणसाला कधी कधी गाता येतं. पण सात महिने "आत्या, गा" असं कोणी म्हटलंच नव्हतं. मांडव नव्हता ना!

अकराही धवल्यांतला त्यांचा जुना, खणखणीत आवाज मात्र गेला तो गेलाच. मांडवात टिपलेल्या त्या पाच खांबांच्या तीन प्रती दुसऱ्याच दिवशी नीलेशने स्वतः काढल्या.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. दुसऱ्याचं काही पुसण्याआधी ते शेवटपर्यंत ऐका. आणि तुमच्या घरात कोणी गप्प झालं असेल, तर त्यांच्यापाशी बसा, अर्धी ओळ म्हणा आणि थोडं थांबा.